आधी तिथी बघा, मग खोली ठरवा

कोकणातल्या वेळणेश्वरला मुलाबाळांसकट गाडीने जायचं ठरलं, की पहिलं काम भिंतीवरच्या कॅलेंडरशी असतं. शनिवार-रविवार कुठे येतो, रजा किती, मुलांचा निकाल कधी, हे सगळं नंतर. आधी तिथी बघायची. गेली नऊ वर्षं आम्ही दर उन्हाळ्यात पुण्याहून तिथे जातोय. पहिल्या वर्षी हे कळलं नव्हतं आणि त्याची मोठी किंमत मोजायची वेळ जवळजवळ आली होती.

त्या वर्षी आम्ही पोचलो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी चारला मुलं कपडे बदलून तयार. समुद्र बराच आत गेलेला, पुळण लांबरुंद, पाणी दिसायला शांत. सात वर्षांची लेक गुडघाभर पाण्यात उभी होती आणि मी तिच्यापासून पाच-सहा पावलांवर. एक साधी लाट आली, परत फिरली, आणि तिच्या पायाखालची वाळूच निघून गेली. ती बसली ती घसरतच आत चालली. हाताला तिची वेणी लागली म्हणून ती सापडली. घरी आल्यावर जिथे उतरलो होतो त्या काकूंना सांगितलं, तर त्या सुपातले तांदूळ तसेच ठेवून म्हणाल्या, "आज प्रतिपदा ना? पाऊण-एकपासून सुकती लागलेली. चार वाजता पोरांना पाण्यात कशाला नेलंत?" सुकती म्हणजे ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरमधून त्यांना समुद्र वाचता येत होता आणि मला येत नव्हता.

त्यांनी शिकवलेला हिशेब कोकणकिनाऱ्यावर घरोघरी ठाऊक आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून हीच वेळ सकाळची आणि संध्याकाळचीही धरायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकतं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेव्हा नेमकी वेळ गावातल्या माणसालाच विचारायची. पण खोली ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. त्यामुळे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. याला उधाणाची भरती म्हणतात. त्या दिवसांत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे दुपारी दोनपासून पाचपर्यंत, शहरातली माणसं नेमकी पाण्यात उतरतात त्या वेळी, समुद्र जोरात मागे हटत असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी आणि ओढही कमी.

म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर शुद्ध दशमी ते चतुर्दशी असे पाच दिवस धरा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. त्या दिवसांत सकाळी साडेसात ते साडेदहाच्या दरम्यान भरती पूर्ण होते. सकाळी सहा-सातला किनाऱ्यावर गेलात तर पाणी चढतं असतं आणि ऊनही कोवळं असतं. दुपारी दीड ते साडेचारच्या मध्ये ओहोटी संपते, त्यामुळे संध्याकाळी पाचला पुन्हा चढतं पाणी मिळतं. शिवाय शुद्ध पक्ष, म्हणजे जेवणानंतर खळ्यात बसायला चांदणं. वैशाखातले हे दिवस बहुतेक वर्षी एप्रिलच्या अखेरीला किंवा मेच्या पूर्वार्धात येतात आणि आंबाही तेव्हा भरात असतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र खवळायला लागतो. 1 जूनपासून मासेमारीही बंद होते, तेव्हा तो आठवडा टाळलेला बरा.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगून पुढे जाते. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधेच एखादा पट्टा सपाट, गढूळ, लाटा नसलेला दिसतोय, तर आपल्याला वाटतं इथे मुलांना न्यावं. तीच जागा सर्वांत वाईट. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. त्या ओढीत कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. आधी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीतून बाहेर पडायचं आणि मगच काठाकडे वळायचं. मुलं कमरेच्या वर पाण्यात नकोत, आणि मोठ्या माणसाचा हात त्यांच्यापर्यंत पोचेल इतकंच अंतर हवं. पाच-सहा पावलंसुद्धा फार झाली.

आता रस्ता. पुण्याहून आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. सातारा रस्त्याने उंब्रज, तिथून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण. घाटात मुलांना गाडी लागते. उपाशीपोटी नेलं तर जास्त लागते आणि तुडुंब खाऊ घातलं तरी लागते. उंब्रजच्या आसपास थोडंसं कोरडं खाणं, घाटाआधी आवळासुपारी, खिडकी उघडी आणि मोबाइल बंद, एवढ्यावर आमचं भागतं. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको. मुंबईकरांनी महामार्गाने माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड असं चिपळूण गाठावं. चिपळूणहून गुहागरच्या रस्त्याला लागलं की शृंगारतळीची बाजारपेठ येते. पेट्रोल, रोख पैसे, औषधं, जे काही लागेल ते चिपळूणला किंवा इथेच घेऊन टाका. पुढचे रस्ते अरुंद, वळणाचे, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे. समोरून एसटी आली तर गाडी मागे घ्यावी लागते. मागे घेणारा तुम्हीच असायचं, ड्रायव्हरदादांना वेळापत्रक असतं.

कोयनानगरला मात्र अर्धा तास जरूर थांबा. मुलांना धरण दाखवा आणि पाण्याचा प्रवास सांगा. कोयना ही पूर्ववाहिनी, कराडला कृष्णेला मिळते. पण अडवलेल्या पाण्यातला मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला नेलाय. पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला त्यावर वीज तयार होते आणि तेच पाणी पुढे वाशिष्ठीला मिळतं. कोकणातल्या इतर नद्या वैशाखात सुकलेल्या असताना वाशिष्ठी वाहती दिसते ती यामुळे. चिपळुणात पूल ओलांडताना आमचा धाकटा दरवर्षी ओरडतो, "आलं, धरणातलं पाणी आलं!" परतीच्या वाटेवर तेच पाणी तिसऱ्यांदा भेटतं, ते पुढे येईलच.

राहायचं कुठे? एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, छोटी हॉटेलंही आहेत. पण मुलांना घेऊन जायचं असेल तर घरगुती निवास बघा, आणि ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. घर शाकाहारी आहे का, कारण देवळाच्या आसपासच्या बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत आणि त्या घरात बाहेरून आणून खाणंही बरं दिसत नाही. मासे हवे असतील तर तसं घर निवडा. दुसरं, वीज गेल्यावर काय सोय आहे. आणि तिसरं म्हणजे विहिरीला पाणी कसं आहे. कोकणात चार महिने धो धो पाऊस पडतो, पण जांभ्या दगडात पाणी थांबत नाही आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतात. समुद्रावरून आल्यावर चौघांनी शॉवरखाली वीस-वीस मिनिटं उभं राहायचं, तेही दिवसातून तीनदा, हे तिथल्या माणसांच्या तोंडचं पाणी काढून घेणं आहे. एक बादली, एक तांब्या. मुलांनाही जमतं.

जेवणाचं आदल्या रात्री सांगावं. मोदक हवे असतील तर नारळ खवण्यापासून तयारी असते, सकाळी सांगून दुपारी ते मिळत नाहीत. हॉटेलात मिळतं ते मागण्यापेक्षा त्या घरात त्या दिवशी काय आहे ते विचारा. कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, घावन, सोलकढी. मुलं पहिल्या दिवशी नाकं मुरडतात. तिसऱ्या दिवशी आमच्या धाकट्याने पिठल्यासाठी तिसरा भात घेतला होता.

दुपारी अकरा ते साडेचार बाहेर पडू नका. घामाने जीव नकोसा होतो. पण मुलांच्या लक्षात राहतात त्या गोष्टी याच वेळात घडतात, घराच्या पडवीत आणि खळ्यात. एका दुपारी काकू रातांबे फोडत बसल्या होत्या. रातांबा म्हणजे कोकमाचं पिकलेलं फळ, लालजांभळं, लिंबाएवढं. माझी लेक शेजारी जाऊन बसली. काकूंनी काही न बोलता एक पातेलं तिच्याकडे सरकवलं. फळ मधोमध फोडायचं, आतल्या गरासकट बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्या भांड्यात. बियांच्या रसात मीठ घालतात, सालं त्यात बुडवून उन्हात वाळवतात, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असं पाच-सहा वेळा केलं की काळपट, लवचीक आमसूल होतं. उरलेल्या बिया वाळवून त्यांचं कोकमेल काढतात, टाचेच्या भेगांना लावायला. तासाभराने लेकीचे हात मनगटापर्यंत लाल झालेले. साबणाने गेले नाहीत, दोन दिवस तशीच हिंडली. घरी डब्यातलं आमसूल आमटीत टाकताना ती अजूनही आधी हातात घेऊन, उलटसुलट करून बघते.

तुमचे यजमान काय करताहेत ते मुलांना जवळ जाऊन बघू द्या, जमेल तिथे हात लावू द्या, पण विचारून. आंबे काढायला घेतले की झेला कसा धरायचा ते दाखवायला सांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन' झेला मिळाला तर उत्तम. त्याच्या पात्याने आंबा देठासकट निघतो, चीक फळावर ओघळत नाही आणि सालीवर डाग पडत नाही. आंबा तयार झाला की नाही ते रंगावरून कळत नाही, खांद्यांवरून कळतं. देठाच्या दोन्ही बाजू फुगून वर आल्या आणि देठ खळग्यात बसला की काढायचा. एका गोष्टीला मात्र सक्त मनाई करा. झाडाखाली पडलेली काजूची बी दातांनी फोडायची नाही. टरफलातल्या तेलाने ओठ आणि जीभ भाजते, फोड येतात. फणस कापताना हाताला खोबरेल लावलं की चीक चिकटत नाही.

वेळणेश्वराचं देऊळ किनाऱ्यालाच लागून आहे. समुद्रावर जाता-येता दर्शन होतंच, पण एक सकाळ त्यासाठी राखून ठेवा. गोखले, वेळणकर अशा कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत. आमच्या सासूबाई इथे येतात त्या अभिषेकासाठी, समुद्राकडे त्या फारशा बघतही नाहीत. नावाबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. नवसाला पावायला वेळ लावत नाही तो वेळणेश्वर, ही एक. आणि वेला म्हणजे समुद्राचा काठ, त्या काठावरचा ईश्वर, ही दुसरी. वेला या संस्कृत शब्दाला भरती असाही अर्थ आहे. मला दुसरी गोष्ट जास्त पटते.

हेदवी इथून अगदी जवळ आहे. तिथल्या दशभुज गणेशाचं दर्शन घ्या आणि मग उमामहेश्वराच्या देवळाजवळ, समुद्रालगतच्या खडकात असलेली बामणघळ बघायला जा. कातळाला पडलेली ही अरुंद, लांब भेग. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते, शेवटी कोंडते आणि तोफ उडावी तशी वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी फट दिसते आणि मुलं विचारतात, "यात काय बघायचं?" पुन्हा तिथीच. त्रयोदशीला गेलात तर सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान तिथे असा. घळीच्या कडेला उभं राहून फोटो काढायचा नाही. शेवाळलेला कातळ आणि अंगावर येणारं पाणी, दोन्ही एकदमच फसवतात. बसायला जवळच चांगली कोरडी जागा आहे, तिथूनही सगळं दिसतं.

एक दिवस गुहागरला द्या. व्याडेश्वराचं देऊळ, दुर्गादेवी, आणि सुरूच्या झाडांमागचा लांबच लांब किनारा. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वनविभागाच्या देखरेखीखाली अंडी कुंपणात जपतात आणि पिल्लं निघाली की पहाटे किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. हंगामाची अखेर एप्रिल-मेपर्यंत जाते, तेव्हा चौकशी करून जा. फेब्रुवारी 2023 मध्ये इथल्याच दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली होती, त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मुलांना नकाशावर ती वाट बोटाने काढून दाखवा. पिल्लं दिसली तर मोबाइलचा दिवा लावू नका, ती उजेडाच्या मागे भरकटतात.

आणि गाडी किनाऱ्यावर नेऊ नका. हे मी हात जोडून सांगते. वाळूखाली कासवांची घरटी असू शकतात, कुर्ल्यांची बिळं असतात. ओली वाळू वरून टणक वाटते, पण चाक एका जागी फिरलं की रुततं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक नवी कोरी गाडी अशीच रुतलेली पाहिली. त्या कुटुंबातल्या आजी वाळूत बसून रडत होत्या, पाणी चढत होतं आणि गावातली दहा-बारा माणसं दोर, फळ्या आणि ट्रॅक्टर घेऊन दीड तास झगडत होती. गाडी निघाली, पण आत खारं पाणी शिरलेलंच होतं.

तवसाळहून जयगडला फेरीबोटीने जायचा बेतही आखता येतो. हेदवीवरून पुढे तवसाळ, तिथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते. इकडे लोक या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात. गाडी बोटीवर चढवायची, सगळ्यांनी खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं, थोड्याच वेळात पलीकडे. जयगडचा किल्ला बघा, हवं तर गणपतीपुळ्यापर्यंत जा. शेवटची फेरी कितीला आहे ते जातानाच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून परतायला अर्धी रात्र जाते.

आजारपणाचं थोडक्यात सांगते. ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध, नेहमीच्या गोळ्या बरोबर हव्यात. ग्रामीण रुग्णालय गुहागरला आहे, मोठे दवाखाने चिपळूणला, रुग्णवाहिकेसाठी 108. गडग्याच्या दगडांत विंचू असतात. मुलांना तिथे हात घालू देऊ नका, चपला-बूट झटकून घालायला लावा. लाल विंचू चावला तर मांत्रिक, चुना, झाडपाला यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायचं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण औषध वेळेत मिळालं तरच.

परतताना मुंबईकरांनी दाभोळमार्गे जावं, आणि वेळ असेल तर पुणेकरांनीसुद्धा. गुहागरवरून धोपावे गाठायचं. तिथून वाशिष्ठीच्या मुखातून बोट दाभोळला जाते. बोट मधोमध आली की मुलांना पाण्याकडे बघायला सांगा. कोयनानगरला धरणामागे दिसलेलं पाणी चिपळूणच्या पुलाखालून इथवर आलंय, आणि इथे भरती असेल तर समुद्र त्याला उलटा मागे रेटतोय. दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना कधीकधी स्पष्ट दिसतं. आमची लेक आता सोळा वर्षांची आहे. ती बोटीत चढण्याआधी तिथी विचारते, मनात गुणाकार करते आणि पाणी आत येत असेल की बाहेर जात असेल ते सांगते. बहुतेक वेळा बरोबर असतं.

आंब्याची पेटी घेणार असाल तर बागेतूनच घ्या, आणि पिकलेला नको, तयार हिरवा मागा. 2018 पासून रत्नागिरीसह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. पण महामार्गाच्या कडेला पाटीवर 'रत्नागिरी हापूस' लिहिलंय म्हणून तो तिथलाच असतो, असं मुळीच नाही. डिकीत पेटीवर बॅगा रचू नका, आणि उन्हात बंद गाडीत ती तासन्‌तास ठेवू नका, आंबा आतून उकडतो. घरी पोचाल त्याच रात्री, कितीही दमला असाल तरी, पेटी उघडा. आंबे गवतावर एकेक करून देठ खाली ठेवून मांडा, वर पुन्हा पातळ गवत. रोज सकाळी एकदा हात फिरवून बघायचं. डागाळलेला, मऊ झालेला आधी बाजूला काढायचा, नाहीतर शेजारचे चार घेऊन जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी दार उघडताच घरभर वास येतो, तेव्हा पहिला आंबा देवापुढे ठेवायचा आणि दुसरा मुलांच्या हातात द्यायचा, चोखून खायला, सुरी न लावता.